जर्मनीत किशोरांच्या वसतिगृहात स्वयंसेवक म्हणून जायचंय? कागद कोणत्या क्रमाने करायचे आणि पोचल्यावर काय करायचं

जर्मनीत दहावीच्या आसपास शाळा संपली की बरीच मुलं थेट आउसबिल्डुंगला लागतात. आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम आणि काही दिवस व्यवसाय-शाळा. वय सोळा-सतरा. कंपनी शहरात आणि घर दीडशे किलोमीटरवरच्या खेड्यात, असं सर्रास असतं. घड्याळदुरुस्ती किंवा ऑर्गन बनवणं अशा दुर्मीळ धंद्याची व्यवसाय-शाळा तर मोजक्याच गावांत असते. मग तिथे सलग काही आठवडे राहून शिकायचं, पुन्हा कंपनीत परतायचं. या मुलांसाठी जी राहण्याची घरं आहेत त्यांना युगेंडवोनहाइम म्हणतात. लातूर-नांदेडहून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला पहिल्या महिन्यात जे जे अडतं, तेच या मुलांना अडतं. फरक इतकाच की तिथे त्यासाठी पगारी माणसं नेमलेली असतात आणि त्यांच्या जोडीला वर्षभराचा एखादा स्वयंसेवक असतो.

कल्पना जुनी आहे. आधी चांभारकाम केलेला आणि मग पाद्री झालेला आडोल्फ कोल्पिंग याने फिरत्या तरुण कारागिरांसाठी १८५३ मध्ये कलोन शहरात निवास उघडला. त्याच्या नावाची घरं आजही जर्मनीभर आहेत.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकून वर्षभर तिकडे जाऊन काही करावं, असं मनात असलेल्यांसाठी हा लेख आहे. रकमा जिथे दिल्या आहेत तिथे सालही दिलं आहे. अर्ज करताना त्या वर्षीचे आकडे बघून घ्या.

१. आधी काम काय आहे ते समजून घ्या

जाहिरातीत ‘मुलांची काळजी’ असं वाचून लहान मुलांना भरवणं, गोष्टी सांगणं डोळ्यांसमोर येतं. इथली मुलं मिशी फुटलेली असतात. दिवसभर ती कंपनीत किंवा शाळेत, म्हणजे घर रिकामं. तुमचं काम सुरू होतं दुपारी दोनच्या सुमारास आणि चालतं रात्री नऊ-दहापर्यंत. शनिवार-रविवारही आलटून पालटून लागतात. आठवड्याला साधारण ३९ ते ४० तास.

कामाचं स्वरूप: संध्याकाळच्या जेवणाची तयारी, खरेदी, कपडे धुवायला शिकवणं, गृहपाठाच्या वेळी शेजारी बसणं, डॉक्टरकडे किंवा नोंदणी कार्यालयात सोबत जाणं, फुटबॉल, बोर्ड-गेम आणि रविवारी रात्री बॅगा घेऊन परत येणाऱ्यांना दार उघडणं.

एक गोष्ट कायद्यातच आहे: स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही. तुम्ही घरातला जास्तीचा माणूस. तुम्ही एक दिवस आला नाहीत तर घर चाललं पाहिजे. चालत नसेल तर जागा चुकीची आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात.

२. कोणत्या योजनेतून जायचं

तीन वाटा आहेत.

बीएफडी, म्हणजे बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना. सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली तेव्हा तिच्यासोबतची पर्यायी नागरी सेवाही थांबली, आणि १ जुलै २०११ पासून ही योजना आली. वरची वयोमर्यादा नाही. करार थेट जर्मन केंद्र सरकारच्या कार्यालयाशी होतो.

एफएसजे, म्हणजे फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार, स्वेच्छेने करायचं समाजसेवेचं वर्ष. वय २७ पूर्ण व्हायच्या आत. करार ज्या संस्थेमार्फत जाता तिच्याशी आणि कामाच्या जागेशी. कामात फरक जवळजवळ नाही. संस्थेकडे ज्या योजनेत जागा मोकळी, ती घ्यावी.

वेल्टवेर्ट्स या जर्मन स्वयंसेवा योजनेची दक्षिण-उत्तर शाखा, म्हणजे विकसनशील देशांतल्या तरुणांना जर्मनीत आणणारी. विकास मंत्रालयाच्या पैशातून चालते, वय १८ ते २८. इथे तुम्ही जर्मनीला अर्ज करत नाही, भारतातल्या भागीदार संस्थेकडे करता आणि ती तुम्हाला पाठवते. प्रवासखर्चाचा भार हलका होतो, पण जागा थोड्या आणि कामाची जागा निवडायला वाव कमी.

तिन्हींत मुदत साधारण बारा महिने. बीएफडी आणि एफएसजे सहा ते अठरा महिन्यांचीही होऊ शकते. वर्षभरात २५ दिवस प्रशिक्षण-शिबिरं असतात आणि ते दिवस कामातच धरले जातात. २७ वर्षांवरच्यांना शिबिराचे दिवस कमी.

पैसे: घरखर्च चालेल इतका खिशाखर्च मिळतो, पगार नाही. कायद्याने घातलेली कमाल मर्यादा २०२५ साली महिन्याला ६४४ युरो होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याहून बरंच कमी मिळतं. त्यावर आयकर नाही. आरोग्य विमा आणि सामाजिक विम्याचे हप्ते पूर्णपणे संस्था भरते. राहणं आणि जेवण संस्था देते किंवा त्याऐवजी पैसे देते. यातून घरी पैसे पाठवता येतील हा हिशेब मनातून काढून टाका.

३. भाषा: बी१च्या खाली या कामाला जाऊ नका

वृद्धाश्रमात किंवा शेतावर ए२, म्हणजे बी१च्या एक पायरी खालच्या पातळीवर माणूस निभावून नेतो. सोळा वर्षांच्या मुलासमोर नाही. ती मुलं भरभर, अर्धवट, बोलीत बोलतात. तुमच्या व्याकरणावर हसतात. आणि जेव्हा खरंच काही बिनसलेलं असतं तेव्हा एकच वाक्य बोलतात. ते कळलं नाही तर ते पुन्हा बोलत नाहीत.

शून्यापासून बी१ गाठायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात, असा ग्योटे इन्स्टिट्यूटचाच अंदाज आहे. नोकरी-कॉलेज सांभाळून म्हणजे वर्ष धरा. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार स्वतंत्र विभाग आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एखादा विभाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पुण्याच्या आणि मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात (भारतातल्या ग्योटे इन्स्टिट्यूटचं हेच नाव) परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून वर्ग संपायच्या आधीच तारखेवर लक्ष ठेवा.

पुस्तकात न मिळणारे शब्द वेगळे पाठ करा: डीन्स्टप्लान म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, य्युबरगाबे म्हणजे पाळी बदलताना माहिती सोपवणं, हाउसओर्डनुंग म्हणजे घराचे नियम, पुट्सप्लान म्हणजे झाडलोटीच्या पाळ्या, हाइमवे म्हणजे घरची ओढ. शेवटचा शब्द रोज लागतो.

४. जागा शोधणं

बहुतेक जागा १ ऑगस्ट किंवा १ सप्टेंबरला सुरू होतात. भारतातून जायचं तर आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अर्ज सुरू करा. मार्चनंतर जागा मिळतात, पण व्हिसाला वेळ उरत नाही.

कुठे शोधायचं: बीएफडीच्या सरकारी संकेतस्थळावर जागांची यादी आहे. शिवाय कारिटास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस, आवो, इंटरनॅशनल बुंड, कोल्पिंग या संस्थांची स्वतःची पानं आहेत. शोधताना ‘युगेंडवोनेन’ हा शब्द वापरा. नुसतं ‘युगेंडहिल्फे’ शोधलंत तर ज्यांना बालकल्याण खात्याने घरातून हलवलं आहे अशा मुलांचे निवासी गटही येतात. ते काम वेगळं आहे, जास्त जड आहे आणि पहिल्याच परदेशवारीत पेलेल असं नाही.

अर्जात एक पानाचा जीवनपट आणि एक पानाचं पत्र. पत्रात ‘मला मुलांची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येकाचं असतं. त्याऐवजी जे केलंय ते आकड्यात लिहा: गणेशोत्सवात वीस पोरांचं ढोलपथक तीन महिने सांभाळलं, वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवीच्या मुलांना गणित शिकवलं, स्वतः होस्टेलला चार वर्षं राहिलो. होस्टेलचा अनुभव आवर्जून लिहा. पहिल्या रात्री अनोळखी खोलीत झोप लागत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

मग व्हिडिओ मुलाखत. त्यांनी विचारायच्या आत तुम्ही हे विचारा: माझ्या पाळीत माझ्यासोबत कोण असेल? रात्रपाळी आहे का? मी राहणार कुठे, मुलांच्याच मजल्यावर की वेगळं? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मुलांच्या शेजारची खोली मिळाली की सुट्टीच्या दिवशीही दारावर टकटक होते आणि दोन महिन्यांत तुम्ही चोवीस तासांचे वॉर्डन होता.

*सापळा:* ‘जागा मिळवून देतो’ म्हणून लाखभर रुपये मागणारे एजंट. बीएफडी किंवा एफएसजेच्या जागेसाठी स्वयंसेवकाने शुल्क देण्याची पद्धतच नाही. तिकीट, व्हिसा, परीक्षा आणि भाषांतर एवढाच तुमचा खर्च. कोणी ‘प्रोसेसिंग फी’ म्हटलं की तिथेच थांबा.

५. करार वाचा, सही बघा

करारात या सहा गोष्टी लिहिलेल्या हव्यात: कामाचा पत्ता, सुरुवात आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, खिशाखर्चाची रक्कम, राहणं-जेवण कोण देणार आणि रजेचे दिवस. राहण्याचा उल्लेख नसेल तर व्हिसाच्या टेबलावर ‘जगणार कशावर?’ हा प्रश्न येतो आणि फाइल अडते. तोंडी आश्वासन तिथे दाखवता येत नाही.

बीएफडीच्या करारावर तिसरी सही लागते ती केंद्रीय कार्यालयाची. संस्था आणि तुम्ही सही केलेला कागद म्हणजे अर्धा करार. तो घेऊन अर्ज भरणारे बरेच असतात आणि मग आठवडे जातात.

आता नावाचं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन भाग. पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुतेक वेळा पहिल्या नावाच्या रकान्यात गेलेलं असतं. जर्मन माणूस ते मधलं नाव समजून खुशाल गाळतो. करारात ‘स्नेहा पाटील’ आणि पासपोर्टात ‘स्नेहा सुरेश पाटील’ झालं की पुढे बँक, विमा, घरनोंदणी, सगळीकडे दोन माणसं तयार होतात. पहिल्याच मेलमध्ये पासपोर्टच्या पानाची प्रत जोडा आणि ‘फोरनामे’च्या रकान्यात पासपोर्टवरचं पहिलं नाव जसंच्या तसं लिहायला सांगा.

६. भारतातून जमवायचे कागद

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतरही काही महिने उरतील असा.
- करार, सगळ्या सह्यांसह.
- बी१ प्रमाणपत्र, मूळ.
- दहावी, बारावी आणि पदवी असल्यास तिची प्रमाणपत्रं.
- जन्मदाखला. मराठीत असेल तर महापालिकेकडून इंग्रजी प्रत काढून ठेवा.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, शुल्क ५०० रुपये.
- गोवराच्या दोन डोसांचा पुरावा.
- बायोमेट्रिक फोटो, प्रवासाच्या पहिल्या दिवसांचा आरोग्य विमा.

यातले दोन कागद लोकांना हमखास नडतात.

पहिला पोलिसांचा. पोलीस आयुक्तालयातून नोकरीसाठी मिळतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वेगळं. परदेशासाठी पासपोर्ट कार्यालयाचं लागतं. शिक्षणासाठी गाव सोडून दुसरीकडे राहत असाल तर पडताळणी रेंगाळते. शिवाय संस्थांना ते ताजं हवं असतं, साधारण तीन महिन्यांच्या आतलं. फार आधी काढलंत तर वाया जातं. करार हातात आला की अर्ज करा.

दुसरा गोवराचा, आणि हा कुणी सांगतच नाही. १ मार्च २०२० पासून जर्मनीत कायदा आहे: मुलांच्या संस्थांत काम करणारा, १९७० नंतर जन्मलेला प्रत्येक जण गोवरापासून सुरक्षित आहे याचा पुरावा दिल्याशिवाय कामाला लागू शकत नाही. म्हणजे दोन डोस किंवा रक्तचाचणीत सापडलेली प्रतिकारशक्ती. आपलं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात असतं, नाहीतर कुठेच नसतं. सापडलं तरी त्यावर डॉक्टरचा शिक्का आणि तारीख वाचता येत नाही. कार्ड नसेल तर डॉक्टरांना विचारून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीचे दोन डोस नव्याने घ्या. दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात, म्हणून हे जाण्याच्या आदल्या आठवड्यात जमत नाही. प्रमाणपत्र इंग्रजीत घ्या, त्यावर लसीचं नाव आणि दोन्ही तारखा हव्यात.

७. व्हिसा

पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भारतीय पासपोर्टवर निघण्याआधीच राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा. शुल्क ७५ युरो, रुपयांत भरायचे, आणि व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर आता घरबसल्या अर्ज भरता येतो. कागद आधी तपासले जातात आणि मग बोटांचे ठसे द्यायला जायचं. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाखाली येतात.

अर्जासोबत एक पानाचं पत्र लागतं: हेच काम का आणि वर्ष संपल्यावर काय. ‘नंतर जर्मनीतच नोकरी बघेन’ असं मोघम लिहू नका. परत येऊन समाजकार्याची पदवी करायची असेल तर तसं लिहा. तिथेच शिक्षकी आउसबिल्डुंग करायचा विचार असेल तर तोही स्पष्ट लिहा. खरं ते लिहिलं की मुलाखतीत अडखळायला होत नाही.

तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा. संस्थेला सुरुवातीची तारीख दोन-चार आठवडे पुढे ढकलता येते. न परतावा मिळणारं तिकीट पुढे ढकलता येत नाही.

८. उतरल्यावरचे तीन आठवडे

इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. क्रम मोडू नका.

पहिलं काम सरकारी नाहीच. टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं, मग पत्ता कितीही बरोबर असो. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात आडनाव लिहा, पारदर्शक टेप लावा, झालं.

मग घरनोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात. त्यासाठी घरमालकाचा म्हणजे इथे संस्थेचा सहीचा दाखला लागतो. मोठ्या शहरांत वेळच मिळत नाही, म्हणून भारतातूनच संस्थेला वेळ घेऊन ठेवायला सांगा. त्याच खिडकीवर एर्वाइटर्टेस फ्युरुंग्सत्सॉइग्निसचा अर्ज द्या. हा जर्मनीतला विस्तारित चारित्र्य दाखला, मुलांसोबत काम करणाऱ्यांना बंधनकारक. संस्थेचं पत्र सोबत असेल तर स्वयंसेवकांना शुल्क माफ होतं. ते पत्र घरी विसरू नका.

त्यानंतर बँक खातं आणि आरोग्य विमा, टीके, एओके, बार्मर वगैरेंपैकी तुम्ही निवडाल तो. मग परदेशी नागरिक कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज. व्हिसाची मुदत संपायच्या बऱ्याच आधी. स्वयंपाकघरात काम असेल तर आरोग्य खात्याचं छोटं स्वच्छता-प्रशिक्षणही लागतं आणि ते कामाला लागण्याआधी व्हायला हवं.

हे सगळं होईपर्यंत पहिला खिशाखर्च खात्यात पडत नाही. पहिल्या महिन्यासाठी ५०० ते ६०० युरो सोबत असू द्या.

९. रविवारची संध्याकाळ

या घरांतला सगळ्यात अवघड वेळ रविवारी पाच ते दहा. नवे येतात, जुने परततात, जिन्यावर बॅगांच्या चाकांचा खडखडाट चालू असतो. नव्या मुलाच्या हाती किल्ली, घराच्या नियमांचा कागद आणि बिछान्याची चादर एकदम देऊ नका. आधी खोली दाखवा, मग बाथरूम, मग स्वयंपाकघरात त्याच्या नावाचा फ्रिजचा कप्पा. कागद जेवणानंतर.

त्याच दिवशी किंवा सोमवारी पहाटे शाळेपर्यंतचा प्रवास त्याच्यासोबत एकदा करा. तुम्ही पुढे चालायचं नाही. तो फोनवर बघेल, तो ट्राम निवडेल, चुकला तर चुकू द्या. तुमच्या मागे मागे आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी एकटा हरवतो.

कपडे: सोळाव्या वर्षी बऱ्याच जणांनी मशीनला हात लावलेला नसतो. चार गोष्टी शिकवा: रंगीत ४० अंशांवर, टॉवेल आणि चादरी ६० अंशांवर, नवी लाल वस्तू पहिल्यांदा एकटीच, आणि पावडर डब्यावरच्या रेषेइतकीच. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांचे तेलकट कपडे इतरांसोबत घालू द्यायचे नाहीत, नाहीतर एका आठवड्यात सगळ्यांचे शर्ट राखाडी होतात.

स्वयंपाक: दिवसभर अंगमेहनत करून आलेल्या मुलाला कोरडा पास्ता १२५ ते १५० ग्रॅम धरा. बारा जणांना पावणेदोन किलो. एवढ्याला सतरा लिटर पाणी लागतं, एका भांड्यात होत नाही. दोन मोठी पातेली आधी चढवा, पाणी उकळायलाच अर्धा तास जातो. एरवी संध्याकाळी आबेंडब्रोट, म्हणजे पाव, चीज, काकडी, थंडच. ‘पोरं उपाशी राहतील’ अशी आपल्याला उगीच काळजी वाटते. त्यांना तेच आवडतं.

आपलं काही खाऊ घालायची हौस प्रत्येकाला येते, आणि यावीच. पण जर्मनीत खाद्यपदार्थांतल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची यादी आहे आणि त्यात मोहरी, शेंगदाणे, तीळ आणि काजू-बदाम आहेत. म्हणजे फोडणी दिलेलं वरण, साबुदाण्याची खिचडी आणि तिळगूळ तिन्ही यादीत बसतात. आधी मुलांच्या ॲलर्जीचा तक्ता बघा, मगच कढई चढवा. दुसरीकडे, मुसलमान मुलांसाठी जिलेटिनच्या गोळ्याही चालत नाहीत. पाकिटामागे वाचायची सवय लावा.

बोलणं: ‘काय झालं? का उदास आहेस?’ असं समोर बसवून विचारलं की उत्तर एकच: ‘निक्स’, काही नाही. शेजारी उभं राहून भांडी पुसताना, ट्राममध्ये, गाजरं सोलताना मुलं बोलतात. डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत म्हणून. आणि ती तुम्हाला नावानेच हाक मारतील. सर, मॅडम, ताई, दादा काही नाही. यात अपमान शोधू नका.

रोजवही: पाळी संपताना जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. ‘नशेत आला’ असं लिहायचं नाही. ‘२२:१५ ला आला, डोळे लाल, जिन्यात दोनदा तोल गेला, बोलला नाही’ असं लिहायचं. पहिल्या वाक्यावर मुलाचे आईबाप भांडतील. दुसऱ्यावर सकाळच्या पाळीतला माणूस काम करू शकेल.

१०. या रेषा ओलांडू नका

औषध. डोकं दुखतंय म्हणून आपण सहज क्रोसिन पुढे करतो. इथे तसं नाही. अठराखालच्या मुलाला कोणतीही गोळी पालकांची लेखी परवानगी आणि संस्थेचा नियम बघितल्याशिवाय द्यायची नाही, स्वतःच्या पिशवीतली तर कधीच नाही. रात्री डॉक्टर हवा असेल आणि जीवावरचं नसेल तर ११६११७. जीवावरचं असेल तर ११२.

गुपित. ‘कुणाला सांगू नका, मग सांगतो’ असं मूल म्हणालं तर वचन देऊ नका. ‘तुला धोका आहे असं कळलं तर मला टीममध्ये सांगावं लागेल’ हे आधीच सांगा. मारहाण, लैंगिक छळ, स्वतःला इजा करणं यातलं काही कळलं तर त्याच दिवशी जबाबदार सहकाऱ्याला सांगा. तपास तुम्ही करायचा नाही, उलटतपासणी तर मुळीच नाही. मुलांना थेट बोलता येईल असा मोफत क्रमांक ११६१११ भिंतीवर लावलेला असावा.

फोटो. ग्रुपसोबतचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलात तर ती मोठी चूक. गावाकडच्या नातेवाइकांना घर दाखवायचं असेल तर रिकामं स्वयंपाकघर दाखवा.

दारू आणि धूर. बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षापासून कायद्याने चालते, कडक दारू, सिगारेट आणि व्हेप अठरानंतर. एप्रिल २०२४ पासून प्रौढांना गांजा ठरावीक मर्यादेत बाळगता येतो, अल्पवयीनांना नाही. पण घराचा नियम कायद्याहून कडक असू शकतो आणि तोच पाळायचा. मुलांनी बिअर पुढे केली तर नाही म्हणा. पंचवीस वयाचे असाल तर हे अवघड जातं, कारण तुम्ही त्यांच्या मोठ्या भावाच्या वयाचे असता.

अंतर. दार वाजवा आणि उत्तर आल्यावरच आत जा. पैसे उसने देऊ नका, खाजगी इन्स्टावर जोडून घेऊ नका, एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसू नका. प्रेमाने पाठीवर थोपटणं, गाल ओढणं आपल्याकडे चालतं, तिथे आधी विचारावं लागतं.

११. बिनसलं तर

पहिले काही आठवडे, बहुधा सहा, प्रोबेशनचा काळ असतो. याच काळात कळतं. सारखं एकट्यालाच पाळीवर ठेवतात, रात्रपाळी एकट्यावर टाकतात, शिबिराला जाऊ देत नाहीत, ४० तासांचे ५० होतात. यातलं काही असेल तर तारखा-तास वहीत लिहा, आधी घरातल्या मार्गदर्शकाशी बोला, मग तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेच्या शिक्षिकेशी. तुमची जागा बदलणं हे त्यांच्या कामातच येतं. रागाने काम सोडू नका: राहण्याचा परवाना त्या जागेला बांधलेला असतो. जागा सुटली की परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावंच लागतं. आधी दुसरी जागा, मग राजीनामा.

निघताना तीन गोष्टी: संस्थेकडून कामाचं सविस्तर प्रशस्तिपत्र तिथे असतानाच घ्या, मेलवर मागितलं की महिने जातात. घरनोंदणी रद्द करा. आणि डॉइचलंडटिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारा स्थानिक वाहतुकीचा मासिक पास घेतला असेल, जे २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे, तर तो शेवटच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.